झाकणाच्या टाइलमागे

टकटकमामांना मुलगी झाली तेव्हा ते दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघ्यांवर बसले होते. बातमी घेऊन आलेल्या नर्सला वाटले, माणूस देवाची करुणा भाकतो आहे. ती अदबीने दोन मिनिटे थांबली. मग तिच्या लक्षात आले की हा गृहस्थ किल्लीच्या टोकाने फरशी वाजवतो आहे.

"मुलगी झाली," ती म्हणाली.

"दोघी सुखरूप ना?" मामांनी विचारले, आणि ती हो म्हणाल्यावर किल्ली खिशात टाकत म्हणाले, "या ओळीतल्या सहा पोकळ आहेत बरं का. कुणाला तरी सांगा. उचकटतील."

ही गोष्ट त्यांच्या बायकोने पुढची चोवीस वर्षे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली. मामा दर वेळी म्हणत, "सहाच्या आठ झाल्या असतील आता."

टाइल बसवणाऱ्याला हात लागतो, डोळा लागतो, हे सगळ्यांना माहीत असते. मामांचे म्हणणे, खरा लागतो तो कान. टाइल बसवून झाली की थापीच्या लाकडी मुठीने तिच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध एक अशी पाच ठिकाणी टकटक करायची. खालचा सिमेंटचा मसाला सगळीकडे नीट बसला असेल तर आवाज बसका येतो, पोट भरलेल्या माणसासारखा. कुठे हवा राहिली असेल तर टाइल लगेच चुगली करते. मग ती ओली आहे तोवर काढायची आणि पुन्हा बसवायची. त्यांच्या हाताखालचे दोघे कारागीर, एक उंच आणि एक अबोल, या टकटकीने वैतागून जात. नाव त्यांनीच पाडले होते. आता मामांची बायको सोडली तर सगळे जग त्यांना याच नावाने हाक मारत होते, आणि बायकोसाठी ते नुसते "अहो" होते.

सोळाव्या वर्षी मामांनी आपल्या काकाच्या हाताखाली मसाला कालवायला सुरुवात केली. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या कामावर रोजाने गेले. मग पै-पै साठवून टाइल कापायचे पाण्याचे मोठे मशीन घेतले, आणि त्या दिवसापासून ते रोजंदारीचे कामगार राहिले नाहीत. ज्याच्याकडे मशीन त्याला अख्खे काम अंगावर मिळते. बायको रात्री त्या मशीनवर जुनी चादर पांघरायची. "मला कधी पांघरलीस का अशी?" मामा विचारायचे. "तुम्ही कुठे एवढे महाग होता?" ती म्हणायची.

सगळ्या कामात मामा एकच टाइल मुद्दाम पोकळ ठेवत. नळाच्या मुख्य व्हॉल्व्हपुढे भिंतीत वीतभर कोनाडा सोडावा लागतो, आणि त्यावरची टाइल चार कोपऱ्यांना मसाल्याचे चार ठिपके लावून नुसती टेकवायची असते, म्हणजे उद्या गळती झाली तर प्लंबरला ती अलगद काढता येते. हिला ते झाकणाची टाइल म्हणत. या कोनाड्याच्या आतल्या कोरड्या भिंतीवर सुताराच्या जाड पेन्सिलीने ते कामाचे माप लिहीत: किती चौरस मीटर, काय दर, काम ठरल्याची तारीख, आणि खाली साइटवरच्या सुपरवायझरची सही. पूर्वी वही ठेवायचे. एकदा ती मसाल्याच्या बादलीत पडली आणि अर्ध्या वर्षाचा हिशेब दगड होऊन बाहेर आला. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. "भिंत कुठे हरवते का?" ते म्हणायचे. पंधरा वर्षांत अशी एकही टाइल पुन्हा उघडून बघायची वेळ आली नव्हती, त्यामुळे ही पद्धत शहाणपणाची आहे की नाही, हेही कधी कळले नव्हते.

मग आले पोहण्याच्या तलावाचे काम.

तलाव सार्वजनिक होता. मोठे कंत्राट ज्याला मिळाले होते त्याला त्याच्या पाठीमागे साखरशेठ म्हणत. तो कुणाला नाही म्हणायचा नाही. पैसे मागायला गेलात तर आधी खुर्ची, मग चहा, मग मुलांची चौकशी, आणि पायऱ्या उतरताना लक्षात यायचे की आपले तोंड गोड झाले आहे आणि हात मोकळेच आहेत. त्याने मामांना आधी कपडे बदलायच्या आणि अंघोळीच्या खोल्यांचे काम दिले, मग खूश होऊन तलावाभोवतीची वाटही दिली. कागद केला नाही. "मामा, तुमच्या-माझ्यात कागद कसला?" हे वाक्य मामांना तेव्हा मान दिल्यासारखे वाटले होते.

काम तीन महिन्यांत संपले. पहिली उचल मिळाली, ती कारागिरांच्या रोजात आणि घरखर्चात गेली. बाकीची रक्कम अकरा महिने आलीच नाही.

"वरून आले की देतो," साखरशेठ म्हणायचा. हे म्हणताना तो बोट वर करायचा. मामा दर वेळी नकळत छताकडे बघायचे.

घरी येऊन त्यांनी हे सांगितले की बायको विचारायची, "वर म्हणजे कुठल्या मजल्यावर? मी जाऊन येते."

तिचे चुकत नव्हते. मसाल्याच्या गोण्या हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर आणल्या होत्या. सहा महिने थांबल्यावर दुकानदाराने मशीन ठेवून घेतले. उर्मटपणे नाही, उलट खाली मान घालून. "मलाही कंपनीला द्यायचे असतात हो," तो म्हणाला होता. आता त्याने निरोप पाठवला की पुढच्या महिन्याच्या अखेरीस मशीन विकतो. उंच आणि अबोल या दोघांचे शेवटच्या महिन्याचे रोज राहिले होते. उंच निदान कुरकुर करायचा. अबोल नुसता यायचा, पाणी प्यायचा आणि जायचा, आणि मामांना ते जास्त लागायचे. मशीन गेले की चोपन्नाव्या वर्षी, टायरच्या ट्यूबचे तुकडे बांधलेल्या गुडघ्यांनिशी, पुन्हा कुणाच्या तरी कामावर रोजाने उभे राहायचे. हे कुणी मोठ्याने म्हणत नव्हते. मशीनवरची जुनी चादर मात्र बायकोने धुऊन, घडी करून कपाटात ठेवली होती.

मामांची मुलगी वजनकाटे विकणाऱ्या एका कंपनीत बिले करायची. तिला तीस दिवसांच्या कायद्याचे कळले ते तिथेच. तिने जेवता जेवता सांगितले, "बाबा, आता नवा कायदा आलाय. बांधकामावर ज्याने काम केलं त्याने लेखी बिल द्यायचं. तीस दिवसांत पैसे द्यावेच लागतात. हरकत असेल तर ती चौदा दिवसांत लेखी कळवायची. 'वरून आले की देतो' हे कारण चालणार नाही, असं कायद्यात लिहिलंय."

मामांचा घास हातातच राहिला. "असं लिहिलंय? 'वरून' असं?"

"तसंच नाही, पण अर्थ तोच."

"म्हणजे साखरशेठ कायदा करणाऱ्यांनाही भेटलाय," बायको म्हणाली.

मुलीने बिल तयार केले. बोलणे कधी झाले, तिने विचारले. मामा म्हणाले, थंडी पडायला लागली होती, नोव्हेंबर असेल. कायदा त्याच नोव्हेंबरच्या एक तारखेपासून लागू होता आणि त्यानंतर ठरलेल्या कामांनाच तो लागू होता, हे मुलीने वाचले होते. तिने "नोव्हेंबरचा पहिला आठवडा" असे लिहिले. दोघांपैकी कुणाच्याही मनात काही काळेबेरे नव्हते. मामांना आपल्या लग्नाचीही तारीख सांगता येत नसे. माप मात्र त्यांना तोंडपाठ होते: खोल्या चारशे बारा चौरस मीटर, वाट दोनशे साठ. बिल पोचवून पोचेची सही घेतली.

तेराव्या दिवशी साखरशेठचे पत्र आले. पहिल्यांदाच त्याने काही लिहून दिले होते. अंघोळीच्या खोल्यांतल्या टाइल्स पोकळ वाजतात, सबब काम सदोष आहे. माप मान्य नाही. काम केव्हा ठरले याचा कागद नाही.

मामांनी पत्र तीनदा वाचले. मापाचे आणि तारखेचे वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलेच नाही. "पोकळ?" ते म्हणाले. "माझ्या टाइल्स पोकळ?" दुपारभर ते घरात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी बायकोने त्यांना न्हाणीत गाठले. ते भिंत वाजवत होते.

"आपलीच भिंत आहे ती. पळून जाणार नाही," ती म्हणाली.

"पैसे बुडवायचे तर बुडवा म्हणावं! पण पोकळ?"

"पैसे बुडवायचे तर बुडवा, असं पुन्हा म्हणू नका," बायको शांतपणे म्हणाली. "मी ऐकलं नाही असं समजते."

कायद्यानुसार भांडणाचा निकाल द्यायला निवाडा अधिकारी असतो, आणि त्याने अठ्ठावीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. इथे अधिकारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी दोन्ही बाजूंना तलावावरच बोलावले. तलाव अजून सुरू झाला नव्हता. पाण्याशिवायचा तलाव फार मोठा आणि फार मूर्ख दिसतो. त्यात बोललेले सगळे घुमत होते.

साखरशेठ इस्त्रीच्या शर्टात आला होता. "काय मामा, तब्येत कशी? गुडघे?" त्याने विचारले. मामांची मुलगी वडिलांचा कोपर धरून उभी होती, ती पुटपुटली, "उत्तर देऊ नका."

"ठीक आहेत," मामा म्हणाले. सवय.

बाईंनी खोलीत शिरून विचारले, "कुठल्या टाइल्स पोकळ आहेत? दाखवा."

साखरशेठने आधीच पाहून ठेवले असावे. तो थेट शेवटच्या खोलीत, शॉवरच्या बाजूच्या भिंतीशी गेला आणि अंगठीने एक टाइल वाजवली. टण्ण. आवाज स्वच्छ, मोकळा, डब्यासारखा.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "उद्या एखाद्या लेकराच्या पायावर पडली तर?"

मामांनी आधी टाइलकडे पाहिले, मग साखरशेठकडे. आणि गेल्या अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आले.

"शेठ, अख्ख्या इमारतीत हीच एक पोकळ आहे, आणि तुम्हाला हीच सापडली. ही झाकणाची आहे. प्लंबरला विचारा." त्यांनी पिशवीतून पातळ पात्याची पट्टी काढली. "बाई, उघडू का? आत माप पण आहे. सहीसकट."

साखरशेठचा चेहरा उतरला. "भिंतीवरचं काय धरायचं, मॅडम," त्याने सुरुवात केली, पण बाई म्हणाल्या, "उघडा."

मामांनी पट्टी सांध्यातून फिरवली. चारही ठिपके एकेक करून सुटले, आणि टाइल त्यांच्या तळहातावर आली, एक टवकाही न उडता. बाईंनी टॉर्च लावला. व्हॉल्व्हच्या वर पेन्सिलीचे जाड अक्षर होते, काल लिहिल्यासारखे. बाईंनी मोठ्याने वाचले.

"खोल्या, चारशे बारा चौरस मीटर. दर इतका. तेवीस ऑक्टोबर. खाली सुपरवायझरची सही. त्याखाली, वाट, दोनशे साठ. एकोणीस नोव्हेंबर. पुन्हा सही." त्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "पहिली तारीख तेवीस ऑक्टोबर आहे."

मुलीची वडिलांच्या कोपरावरची पकड घट्ट झाली. मामांना काही कळले नाही. ते अजून टाइल हातात धरून हसत होते.

साखरशेठला मात्र कळले. त्याने पुढे होऊन कोनाड्यात डोकावून पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "बरोबर, बरोबर," तो म्हणाला. "मामांचं अक्षर आहे. सही माझ्याच सुपरवायझरची आहे. मला मान्य आहे, मॅडम. सगळं मान्य आहे!"

इतके दिवस नाकारलेले माप त्याने एका दमात मान्य केले.

नंतरची पंधरा मिनिटे मामांनी सगळी इमारत त्या बाईंना वाजवून दाखवली. बाईंनी थापी मागून घेतली आणि स्वतःही वाजवले, तीस-चाळीस टाइल्स तरी. मग बाहेर कोरड्या तलावाच्या काठावर बसून त्यांनी पिशवीतून कागद काढला.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माप खरं आहे. सही खरी आहे. पण खोल्यांचं काम कायदा लागू होण्याच्या नऊ दिवस आधी ठरलंय. त्या रकमेचा आदेश मला देता येत नाही. वाटेच्या कामाचा देते."

"काम चांगलं आहे म्हणालात," मामा म्हणाले.

"हो."

"माप खरं."

"हो."

"मग खोटं काय आहे?"

बाईंनी कागद मांडीवर ठेवला. त्यांनाही हे उत्तर आवडत नसावे. "खोटं काहीच नाही. तारीख आधीची आहे. खोल्यांसाठी तुम्हाला साध्या कोर्टात जावं लागेल."

"त्याला किती दिवस?"

"दिवस नाही," बाई म्हणाल्या, आणि कागदाकडे बघू लागल्या.

परतताना बसमध्ये मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. "बाबा, ती तारीख कशाला घातलीत हो?"

"तारीख नसती तर त्या म्हणाल्या असत्या, तारीख कुठाय?"



वाटेच्या कामाची रक्कम सात दिवसांत द्यायची होती. साखरशेठने ती सातव्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या दहा मिनिटे आधी दिली. सगळ्या येण्याच्या पाच हिश्श्यांतले ते जेमतेम दोन होते. मामांनी घरी आणून ते टेबलावर ठेवले आणि तिघेजण त्याच्याभोवती बसले.

"मशीन," मुलगी म्हणाली.

"दोघांचे रोज आधी," मामा म्हणाले.

बायकोने रकमेचे दोन ढीग केले. पहिला ढीग उंच आणि अबोल घेऊन गेले. अबोलने पैसे मोजले नाहीत. "बाकीचंही येईल, मामा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढे लांब वाक्य मामांनी कधी ऐकले नव्हते. दुसरा ढीग घेऊन मामा हार्डवेअरवाल्याकडे गेले. मशीन सुटायला तो पुरत नव्हता. दुकानदाराने कानाची पाळी चोळत बराच विचार केला आणि म्हणाला, "विकत नाही. पण बाकी फिटेपर्यंत मशीन माझ्याकडेच राहील. तुम्हाला लागेल तेव्हा भाड्याने न्या. तुम्हाला कमी लावतो."

अशा रीतीने टकटकमामा स्वतःचे मशीन रोजच्या भाड्याने नेऊ लागले. एका हॉटेलच्या स्वयंपाकघराचे काम मिळाले होते. पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा बायकोने विचारले, "कसं चाललं?"

"चांगलं चालतं," मामा म्हणाले. "ज्याचं कुणाचं असेल, त्याने नीट ठेवलंय."

ती हसली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

तलाव सुरू व्हायला चार दिवस होते तेव्हा साखरशेठचा फोन आला. आवाज नेहमीसारखा पाकातला. "मामा, ती एक टाइल तेवढी लावून जा ना. कोनाडा उघडा राहिलाय. तपासणीवाले नाही म्हणतायत."

"लावतो की," मामा म्हणाले. मुलगी समोर बसून हातवारे करत होती, पण या वेळी त्याची गरज नव्हती. "आधी लेखी पाठवा. एक टाइल बसवणे. दर अमुक. आजची तारीख. सही."

"मामा, एक टाइल हो! तुमच्या-माझ्यात..."

"कागद," मामा म्हणाले.

"चहा पाजतो ना!"

"चहाही लिहा हवा तर."

कागद आला. मामा गेले. कोनाड्यापुढे ट्यूबचे पट्टे बांधलेले गुडघे टेकून बसले आणि थोडा वेळ पेन्सिलीच्या त्या ओळींकडे बघत राहिले. त्यांच्यासमोर आयुष्यातले सगळे कोनाडे आले असावेत, कारण त्यांनी मोठ्याने एक शिवी हासडली आणि ती कोरड्या तलावापर्यंत घुमत गेली. बाहेर काच पुसणारा माणूस दचकून आत डोकावला. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि "वाट" या ओळीपुढे लिहिले, "मिळाले." "खोल्या" या ओळीपुढे लिहिले, "बाकी आहे." दिवस, महिना, वर्ष, सगळे घातले. उद्या कधीतरी गळती होईल, कुणी प्लंबर हे उघडेल, आणि पायाखालच्या फरशीचे पैसे दिलेले नाहीत हे त्याला तरी कळेल.

चार ठिपके लावून त्यांनी टाइल टेकवली, आणि सवयीने थापीच्या मुठीने वाजवली. टण्ण. तशीच वाजायला हवी होती, तरी त्यांचा जबडा आवळला गेला.

एका टाइलचे बिल मुलीने त्याच दिवशी केले. पोचेची सही घेतली. कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती गोल काढला. एकोणतिसाव्या दिवशी साखरशेठचा माणूस मोटारसायकलवरून दारात आला, पाकीट दिले आणि पावती मागितली.

बायकोने पाकिटात बघितले. "आले हो," ती आत ओरडली. "एका टाइलचे आले. आता चारशे बारा चौरस मीटरचे राहिले."

मामांनी पावतीवर सही केली, तारीख घातली, तारीख पुन्हा एकदा बोटाने तपासली. मग पाकीट खिशात टाकून ते हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाले. मशीनचे दोन दिवसांचे भाडे थकले होते. पाकिटातले एका दिवसालाही पुरत नव्हते.